अर्ध्या रकाराचे दोन संकेत

कार्यप्रणाली बसविणे हे तंत्रज्ञाचे काम अशी सर्वसाधारण समजूत आहे. भाषाभ्यासकाने त्यात लक्ष घालावयाचे कारण वेगळे आहे. प्रणाली बसविताना भाषा, कळफलक व टंक यांची जी निवड आपण करतो, तीवरून पुढील कित्येक वर्षे आपल्या हातून मराठी कोणत्या संकेतांनी लिहिली जाईल हे ठरते; आणि हेच लेखन पुढे शब्दगणनेचे व कोशरचनेचे साधन होऊन बसते.

उबुंटू या मुक्त प्रणालीची दीर्घकालीन आधाराची पहिली आवृत्ती, ६.०६, ही १ जून २००६ रोजी निघाली. घरगुती संगणकासाठी तिला तीन वर्षे दुरुस्त्या मिळावयाच्या होत्या. २०१२ च्या १२.०४ पासून ही मुदत पाच वर्षांची झाली. अशा आवृत्तीत सुरक्षिततेच्या दुरुस्त्या येत राहतात, परंतु तिचा मूळ साचा बहुतांशी जेथल्या तेथे राहतो. कार्यालयांना व विद्यापीठांना हे स्थैर्य सोयीचे असते. मात्र साच्यात जे नसते, तेही तितकाच काळ नसते.

याचे बोलके उदाहरण म्हणजे 'ॲ' हा वर्ण. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी तो मराठी छपाईत पूर्वीपासून रूढ होता. युनिकोडमध्ये मात्र तो ०९७२ या क्रमांकाने ५.१ या आवृत्तीत, ४ एप्रिल २००८ रोजी आला. उबुंटूची ८.०४ ही दीर्घकालीन आवृत्ती त्याच महिन्याच्या २४ तारखेस प्रसिद्ध झाली. म्हणजे ती सिद्ध होत असताना हा वर्ण प्रमाणात अधिकृतपणे नव्हताच. तोपर्यंत लेखक 'अ' पुढे चंद्र जोडीत किंवा हिंदी वळणाचा 'ऍ' वापरीत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने 'ॲ' व 'ऑ' यांना वर्णमालेत स्थान दिले. पण आधीच्या दस्तऐवजांतील जुने संकेत त्यामुळे आपोआप बदलले नाहीत.

अर्ध्या रकाराची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या जोड्यांत रफार व अर्धा रकार यांनी अर्थच बदलतो; तेव्हा हा भेद केवळ सुलेखनाचा नव्हे. भारतीय मानक ब्यूरोच्या 'इस्की' या संकेतप्रणालीत हा रकार नुक्तायुक्त 'ऱ' आणि हलन्त यांच्या योगाने लिहावा असे ठरले. वस्तुतः 'ऱ' हे अक्षर द्राविडी भाषांतील निराळ्या रकाराच्या लिप्यंतरासाठी योजिलेले. मराठीची गरज त्याच्या घरी पाहुणी म्हणून राहिली! पुढे १९९६ च्या युनिकोड २.० मध्ये 'र', हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह हा दुसरा मार्ग दिला गेला. पुढील आवृत्त्यांनी इस्कीशी सुसंगती राखण्यासाठी पहिला मार्ग मान्य केला, आणि जुन्या लेखनासाठी दुसराही टिकविला.

परिणाम असा की 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' हे शब्द डोळ्यांस एकरूप दिसतात, परंतु यंत्रास ते भिन्न आहेत. युनिकोडने या दोन क्रमांना परस्परतुल्य मानलेले नाही, त्यामुळे नेहमीच्या प्रमाणीकरणानेही ते एक होत नाहीत. एका शब्दाचा शोध घेता दुसरा निसटतो. 'दुसऱ्या', 'साऱ्या', 'बिचाऱ्या', 'येणाऱ्या' अशी रूपे मराठीत इतकी विपुल आहेत की वारंवारतेच्या तक्त्यात येणारा दोष किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. विभक्तिपूर्व सामान्यरूपांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे तर मोजमापच दुभंगते.

धरमपेठेतील राहत्या घरी २४.०४ ही आवृत्ती बसविताना प्रस्तुत लेखकाने इन्स्क्रिप्ट कळफलक पत्करला. त्यात 'र' च्याच कळीवर शिफ्टसह 'ऱ' मिळतो. त्यापुढे हलन्त व 'य' दिले की अर्धा रकार उमटतो आणि संकेत निःसंदिग्ध राहतो. उच्चारानुसारी पद्धती शिकण्यास सोप्या खऱ्या, पण त्यांतील काहींत अदृश्य चिन्हाचा मार्ग निघतो, व टंकलेखकास त्याचा पत्ताही नसतो. म्हणून विभागातील सामायिक यंत्रांवर एकच कळफलक ठरवून ठेवणे इष्ट. जुने मजकूर संग्रहात घेण्यापूर्वी त्यांतील 'र', हलन्त व अदृश्य चिन्ह या त्रयीच्या जागी 'ऱ' आणि हलन्त घालावेत, 'अ' व चंद्र यांच्या जोडीच्या जागी 'ॲ' घालावा, आणि मूळ प्रत मात्र न बदलता वेगळी जपून ठेवावी.