साष्टीच्या पक्ष्यांची खतावणी

मिरा-भाईंदर हा साष्टी बेटाचा उत्तरेकडील भाग होय. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि मध्ये खारफुटी, मिठागरे व दाट वस्ती असा हा परिसर आहे. १९८५ साली येथे नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका अस्तित्वात आली. तथापि या भूमीवरील पक्ष्यांचे दप्तर त्याहून जुने आहे.

१८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची स्थापना झाली. तिच्याच नियतकालिकात १९३६ ते १९३९ या काळात सालिम अली व हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई व साष्टीतील पक्ष्यांची सविस्तर यादी क्रमशः प्रसिद्ध केली. व्यापारी वर्गास विशेष वाटावे असे की, सालिम अली यांनी तरुणपणी ब्रह्मदेशात कुटुंबाचा व्यवसाय पाहिला आणि परतल्यावर दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेबाचे शिक्षण घेतले. पेढीवर जशी खतावणी असते, तशीच त्यांनी पक्ष्यांची खतावणी ठेवली. मागील शिल्लक ठाऊक नसेल तर नफा-तोटा कळत नाही. पक्षिगणनेचे मर्मही हेच आहे.

आज हे काम सामान्य नागरिकही करतात. २०१३ पासून भारतात दरवर्षी फेब्रुवारीत होणाऱ्या पक्षिगणनेत कोणीही बागेत किंवा गच्चीवर किमान पंधरा मिनिटे उभे राहून दिसलेल्या पक्ष्यांची नोंद करू शकतो. अशा सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवरून २०२३ साली देशातील ९४२ जातींचा अहवाल तयार झाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरविता आला, त्यांपैकी २०४ जाती घटल्या असल्याचे दिसून आले. कबुतरांची संख्या मात्र वाढली.

या आकड्यांचा अर्थ आपल्या समाजाने शांतपणे समजून घ्यावयास हवा. इमारतीचा सज्जा व मूठभर दाणे मिळाले की कबुतराचा निर्वाह होतो. परंतु महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर जगतो. हिवाळ्यात दूरदेशाहून येणाऱ्या तुतवारास खाडीचा चिखल लागतो, तर शेकाट्यास मिठागराचे उथळ पाणी. यांच्यापैकी कोणीही आपल्या दाण्याला येत नाही. म्हणून त्यांचे घटणे आपल्या लक्षातही येत नाही.

जीवदया ही केवळ दृष्टीसमोरच्या जीवापुरती नसते. एक जुना वड राखणे, खाडीकाठी भराव न पडू देणे, हेही जीवदयेचेच कार्य आहे. त्यासाठी प्रथम कोण उरले आहे, हे मोजावे लागते. सालिम अली व अब्दुलअली यांनी उघडलेली ही वही पुढील पिढीने आपल्या बागांतून व खाडीकाठाहून चालू ठेवावी, हीच अपेक्षा.