चिंतनशील अध्यापन

चिंतनशील अध्यापन : शिक्षकाने आपल्या अध्यापनकार्याकडे चिकित्सक दृष्टीने पाहून, त्यातील यशापयशाची कारणे शोधून व त्यांनुसार पुढील अध्यापनात बदल करून ते अधिक परिणामकारक करण्याची पद्धती. पाठ संपल्यावर मनात येणारे समाधान वा खंत म्हणजे चिंतन नव्हे. वर्गात प्रत्यक्ष काय घडले याची नोंद, तसे का घडले याचा तर्क, तो तर्क पडताळण्यासाठी केलेला बदल आणि त्या बदलाच्या फलिताचे परीक्षण, अशा चार पायऱ्या या प्रक्रियेत अंतर्भूत असतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात सार्वत्रिक शिक्षणाचा प्रसार होऊ लागला, तेव्हा शिक्षकाच्या कामाची पारख बाहेरून करण्याची प्रथा रूढ झाली. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने शाळेचे अनुदान निरीक्षकाने घेतलेल्या परीक्षेच्या निकालावर अवलंबून ठेवले. मुंबई इलाख्यातही त्या शतकाच्या उत्तरार्धात निकालानुसार अनुदान देण्याचे तत्त्व अवलंबिण्यात आले होते. या व्यवस्थेत घोकंपट्टीला उत्तेजन मिळाले. पाठ चांगला झाला की नाही, हे ठरविण्याचा अधिकार निरीक्षकाकडे गेला आणि शिक्षकाने स्वतः विचार करण्याचे प्रयोजन उरले नाही. पुढे जर्मन तत्त्वज्ञ योहान हर्बार्ट (१७७६–१८४१) याच्या अनुयायांनी सिद्ध केलेली पंचपदी अध्यापक विद्यालयांतून सर्वत्र पसरली. तिच्यामुळे पाठाला शिस्त आली. परंतु पायऱ्यांचा क्रम पाळला म्हणजे अध्यापन झाले, अशी समजूतही दृढ झाली.

या यांत्रिकतेला तात्त्विक उत्तर दिले ते अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई (१८५९–१९५२) याने. शिकागो विद्यापीठात १८९६ मध्ये त्याने प्रयोगशाळा सुरू केली. १९०४ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात त्याने असे दाखवून दिले, की होतकरू शिक्षकाला प्रारंभीच वर्ग ताब्यात ठेवण्याच्या युक्त्या शिकविल्या, तर तो तात्पुरता यशस्वी होतो. मात्र मुलाच्या मनाचे व्यापार पाहण्याची सवय त्याला लागत नाही आणि त्याची वाढ खुंटते. हाउ वी थिंक (१९१०, सुधारित आवृत्ती १९३३) या ग्रंथात त्याने चिंतनाची मीमांसा केली. चिंतनाचा उगम अडचणीत, संभ्रमात असतो आणि त्यासाठी मोकळे मन, तन्मयता व परिणामांची जबाबदारी स्वीकारण्याची वृत्ती या तीन गोष्टी आवश्यक असतात, असे त्याचे प्रतिपादन आहे.

सामाजिक मानसशास्त्रज्ञ कुर्ट ल्यूईन (१८९०–१९४७) याने १९४६ मध्ये मांडलेली कृतिसंशोधनाची कल्पना कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयातील स्टीफन कोरी याने १९५३ च्या आपल्या ग्रंथाद्वारे शाळेत आणली. इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस (१९२६–८२) याने १९७५ मध्ये शिक्षक हाच संशोधक असावा, असा विचार मांडला. डॉनल्ड शॉन (१९३०–९७) याच्या द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर (१९८३) या ग्रंथाने या विचाराला व्यापक मान्यता मिळाली. शॉनने चिंतनाचे दोन प्रकार कल्पिले : काम चालू असताना होणारे ‘कृतीतील चिंतन’ व काम संपल्यावर होणारे ‘कृतीवरील चिंतन’. तज्ज्ञाने सिद्धांत सांगावा व व्यावसायिकाने तो वापरावा, ही विभागणी त्याने अमान्य केली.

जपानमध्ये याच प्रवृत्तीची निराळी परंपरा आढळते. तेथे मेजी काळापासून विकसित होत गेलेल्या पाठ-अभ्यास पद्धतीत शिक्षकांचा गट एक पाठ मिळून तयार करतो. एक जण तो वर्गात घेतो, इतर मुलांचे निरीक्षण करतात आणि नंतर सर्व जण चर्चा करून पाठ सुधारतात. टीका होते ती पाठावर, शिक्षकावर नव्हे. जेम्स स्टिगलर व जेम्स हीबर्ट यांच्या १९९९ मधील ग्रंथामुळे ही पद्धती पाश्चात्त्य देशांत परिचित झाली.

भारतातील व महाराष्ट्रातील प्रयोग : ‘चिंतनशील अध्यापन’ ही संज्ञा रूढ होण्यापूर्वीच भारतात त्याची ठळक उदाहरणे आढळतात. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. त्यांच्या दिवास्वप्न या पुस्तकात सामान्य शाळेतील चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करणाऱ्या एका शिक्षकाची कथा आहे. त्यातील शिक्षकाचा पहिला दिवस फसतो, आणि त्या फजितीचा विचार करूनच तो दुसऱ्या दिवसाची आखणी करतो.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये अनुताई वाघ (१९१०–९२) यांच्या साहाय्याने बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती आणि आदिवासी वस्तीतील मुले बालवाडीत येत नव्हती. पालक अडाणी आहेत, असा निष्कर्ष काढून थांबणे सोपे होते. या दोघींनी प्रश्न उलटा केला : मुले शाळेत येत नसतील, तर शाळा मुलांकडे का जाऊ नये? वस्तीतील अंगणातच वर्ग भरू लागला व त्यातून ‘अंगणवाडी’ ही कल्पना साकार झाली. परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून साधने बनविण्यात आली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाड (तत्कालीन ठाणे, आता पालघर जिल्हा) येथे गेल्यावर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. अपयशाचे कारण मुलांत न शोधता व्यवस्थेत शोधणे, हे या प्रयोगांचे वैशिष्ट्य होय.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २००९ च्या अभ्यासक्रम आराखड्यात चिंतनशील शिक्षक घडविणे हे अध्यापक शिक्षणाचे एक उद्दिष्ट मानले आहे. २०१५ पासून दोन वर्षांच्या झालेल्या बी.एड. अभ्यासक्रमातही त्याला स्थान मिळाले.

साधने व कार्यपद्धती : पाठ टाचणाच्या अखेरीस लिहिलेली पाठोत्तर नोंद, शिक्षकाची दैनंदिनी, विद्यार्थ्यांच्या वह्यांतील चुकांचे विश्लेषण, सहकाऱ्याचे पाठनिरीक्षण, विद्यार्थ्यांचे अभिप्राय, ध्वनिचित्रमुद्रण व कृतिसंशोधन ही चिंतनाची प्रमुख साधने होत. स्टीफन ब्रुकफील्ड याने १९९५ मध्ये स्वतःचा पूर्वानुभव, विद्यार्थ्यांची दृष्टी, सहकाऱ्यांची दृष्टी व शैक्षणिक सिद्धांत अशी चार भिंगे सुचविली आहेत.

ही प्रक्रिया एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ५२ मधून २७ वजा करताना वर्गातील अनेक मुले ३५ हे उत्तर लिहितात. ‘मुलांचे लक्ष नाही’ असे म्हणून शिक्षक तेच गणित पुन्हा फळ्यावर सोडवितो, तेव्हा चिंतन घडत नाही. वह्या शेजारी ठेवून पाहिल्यास असे दिसते, की ही चूक निष्काळजीपणाची नसून नियमबद्ध आहे : मुलांनी प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. ‘नेहमी मोठ्यातून लहान वजा करावे’ हे वाक्य त्यांना खालच्या इयत्तेत शिक्षकानेच सांगितलेले असते. म्हणजे चुकीचे मूळ अध्यापनात आहे. मग काड्यांच्या पाच जुड्या व दोन सुट्या काड्या देऊन, एक जुडी सोडून सात कशा काढता येतात, हे मुलांना करावयास लावले जाते आणि आठवड्याने नवी उदाहरणे देऊन तर्क पडताळला जातो. चूक कायम राहिल्यास शोध पुन्हा सुरू होतो.

मॅक्स व्हॅन मॅनेन याने १९७७ मध्ये चिंतनाचे तीन स्तर सांगितले. पहिल्या स्तरावर साधनांच्या उपयुक्ततेचा, दुसऱ्यावर उद्दिष्टांच्या योग्यतेचा व तिसऱ्यावर शिक्षणातील न्याय-अन्यायाचा विचार होतो. वरील वजाबाकीचे उदाहरण पहिल्या स्तराचे आहे. बोर्डी-कोसबाडचा प्रयोग तिसऱ्या स्तरावर जातो.

मर्यादा : चिंतन सक्तीचे झाले, की ते कागदावर उरते. ज्या नोंदीला गुण मिळावयाचे आहेत किंवा जी वरिष्ठांना दाखवावयाची आहे, तीत शिक्षक अपयश प्रामाणिकपणे लिहीत नाही. नमुन्यावरून उतरवून काढलेल्या नोंदी हा त्याचाच परिणाम. मोठी पटसंख्या, एकाच शिक्षकाकडे असलेले अनेक वर्ग व अशैक्षणिक कामांचा भार यांमुळे चिंतनास लागणारी उसंत मिळत नाही. एकट्याने केलेले चिंतन आपल्याच ग्रहांना दुजोरा देणारे ठरू शकते. शिवाय, शाळेला खोल्या वा शिक्षक नसताना सर्व दोष शिक्षकाच्या आत्मपरीक्षणावर सोपविणे, हा या कल्पनेचा दुरुपयोग होय.

निकालानुसार अनुदानाच्या काळात शिक्षकाच्या कामाचा निवाडा इतरांच्या हाती होता. चिंतनशील अध्यापनाने तो निवाडा अंशतः शिक्षकाकडे परत आणला, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे. मात्र चूक कबूल केल्याबद्दल शिक्षा होणार नाही, अशी हमी असलेल्या शाळेतच ही पद्धती रुजते. विद्यार्थ्याच्या बाबतीत हे तत्त्व शिक्षणशास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. शिक्षकाच्या बाबतीत ते अद्याप पुरतेपणी मान्य व्हावयाचे आहे.