विल क्रुक्स : पिंपे घडवणारा नगराध्यक्ष

विल क्रुक्स (1852–1921) हे पूर्व लंडनमधील पॉप्लर या गोदीलगतच्या वस्तीत पिंपे घडवण्याचा धंदा करणारे कारागीर होते. 1901 मध्ये ते पॉप्लरचे नगराध्यक्ष झाले. लंडनमध्ये कामगार चळवळीतून या पदावर पोहोचलेले ते पहिलेच. वर्कहाउसमध्ये दिवस काढलेल्या मुलाने पुढे त्याच संस्थेचा कारभार सुधारला, ही त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाची गोष्ट होय.

त्यांचे वडील जहाजाच्या भट्टीवर काम करत. विल लहान असतानाच वडिलांनी अपघातात एक हात गमावला. आई शिवणकामावर घर चालवू लागली, पण ती कमाई पुरत नव्हती. 1861 मध्ये मुलांवर पॉप्लरच्या वर्कहाउसमध्ये जाण्याची वेळ आली. निराधारांना कडक शिस्तीत ठेवून जेमतेम अन्न देणारी ही संस्था होती. तेथे जाणे म्हणजे समाजात मान खाली घालणे, असेच गरिबांना वाटे. तेथून विलची रवानगी सटनच्या निराधार मुलांच्या शाळेत झाली आणि त्यांची धाकट्या भावापासून ताटातूट झाली. हे दुःख ते कधी विसरले नाहीत.

सुटका झाल्यावर त्यांनी किराणा दुकानात निरोप्याचे आणि लोहाराकडे हाताखालचे काम केले. चौदाव्या वर्षी आईने त्यांना पिंपे घडवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले. ओकच्या फळ्या तासायच्या, विस्तवाच्या उष्णतेने वाकवायच्या आणि खिळा वा सरस न वापरता केवळ लोखंडी कड्यांनी इतक्या घट्ट आवळायच्या की थेंबही गळू नये, असे हे कसबाचे काम होते. क्रुक्स त्यात तरबेज झाले. मात्र हलक्या लाकडाच्या वापराला आणि जादा तासांच्या सक्तीला विरोध केल्यामुळे त्यांची नोकरी गेली आणि चळवळ्या म्हणून इतरांनीही त्यांना दारे बंद केली. कामाच्या शोधात ते पायी लिव्हरपूलपर्यंत गेले. तेथे त्यांचे एक मूल दगावले. लंडनला परतल्यावर काही काळ त्यांनी गोदीत मजुरी केली.

पुढे दर रविवारी ईस्ट इंडिया गोदीच्या दाराशी त्यांची भाषणे होऊ लागली. मजुरांच्या बोलीत, हसतखेळत ते कर, घरे आणि मजुरी यांचे प्रश्न उलगडून सांगत. लोक या सभांना ‘क्रुक्सचे कॉलेज’ म्हणू लागले. 1889 च्या गोदी कामगारांच्या मोठ्या संपात त्यांनी संपकऱ्यांसाठी कसून काम केले.

त्या काळी लोकप्रतिनिधीला वेतन नसे. त्यामुळे रोजंदारीवर जगणाऱ्याला निवडून येणे शक्य झाले, तरी पदावर टिकणे शक्य नव्हते. ही अडचण पॉप्लरच्या कामगारांनी वर्गणीतून सोडवली. क्रुक्स यांच्या आठवड्याच्या मजुरीसाठी त्यांनी निधी उभारला आणि 1892 मध्ये त्यांना लंडन काउंटी कौन्सिलवर निवडून दिले. टेम्स नदीखालून जाणारा, 1897 मध्ये सुरू झालेला ब्लॅकवॉल बोगदा पूर्ण व्हावा म्हणून त्यांनी परिश्रम घेतले. 1895 मध्ये नदीकाठची आयलंड गार्डन्स ही बाग त्यांच्याच हस्ते लोकांसाठी खुली झाली.

गरिबांच्या मदतीचा कारभार पाहणाऱ्या पॉप्लरच्या गार्डियन मंडळावरही ते निवडून आले आणि पुढे त्याचे अध्यक्ष झाले. वर्कहाउसमधील निकृष्ट लापशी, वाईट पाव आणि संस्थेचा शिक्का मारलेले कपडे यांवर त्यांनी बोट ठेवले. अन्न सुधारले, कपड्यांवरचा शिक्का गेला, मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले जाऊ लागले. या कामात जॉर्ज लॅन्सबरी त्यांचे सहकारी होते. खर्च वाढल्याबद्दल टीका झाली आणि 1906 मध्ये सरकारी चौकशीही झाली. भुकेल्याला मदत देताना त्याचा मान राखलाच पाहिजे, हा क्रुक्स यांचा आग्रह होता.

लंडनमधील नवी बरो, म्हणजे स्वतःची परिषद असलेले स्थानिक विभाग, 1900 मध्ये अस्तित्वात आली. पुढच्याच वर्षी पॉप्लरच्या परिषदेने क्रुक्स यांना नगराध्यक्ष निवडले. मार्च 1903 मध्ये वुलिचच्या पोटनिवडणुकीत त्यांनी हुजूर पक्षाचा उमेदवार हरवून संसदेत प्रवेश केला. जानेवारी 1910 मध्ये ते हरले, पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा निवडून आले. खासदारांना वर्षाला 400 पौंड वेतन देण्याचा निर्णय 1911 मध्ये झाला. पॉप्लरकरांनी वर्गणीतून जे साधले होते, ते आता देशाच्या तिजोरीतून होऊ लागले आणि कष्टकऱ्यांना राजकारणात येण्याची वाट सोपी झाली.

5 जून 1921 रोजी क्रुक्स यांचे निधन झाले. त्याच वर्षी लॅन्सबरी यांच्यासह पॉप्लरचे 30 नगरसेवक तुरुंगात गेले. गरिबांच्या मदतीचा बोजा लंडनमधील श्रीमंत भागांनीही उचलावा, ही त्यांची मागणी होती. कायदा बदलून ती बऱ्याच अंशी मान्य करण्यात आली.