मीठ, हाडं आणि आपला गोठा



आमच्या गटांत कर्जाचा अर्ज आला की कारण बहुतेक वेळा गाय नाहीतर म्हैस असतं. आणि हप्ता थकला की कारणही तेच निघतं. गाय उलटते, गाभण राहत नाही. म्हशीचा माज मुका, कळतच नाही. व्याली तर वार अडकते. एक वेत सहा महिने लांबलं तर सहा महिने दूध नाही, हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येतोच.

डॉक्टर सांगतात, मिनरल मिक्श्चर घाला. म्हणजे खनिजांची पावडर. त्यावर बैठकीत कुणीतरी हमखास विचारतं, "आमच्या आजेसासूनं कुठं पावडर घातली होती? तिच्या गायी व्यायच्याच की!" प्रश्न खोटा नाही. म्हणून आज भोर-वेल्ह्याच्या गोठ्याचा जुना इतिहास सांगायचं आम्ही ठरवलं.

आजेसासूकडे पावडर नव्हती, पण खडेमीठ होतं. आंबोणात चिमूट, नाहीतर पाटीत खडा, तेवढंच. हे मीठ आपल्याकडं पिकत नाही, ते घाट चढून कोकणातून यायचं. वरंधा घाटानं महाडहून भोरला, आणि वेल्ह्याकडं केळदजवळच्या मढे घाटासारख्या पायवाटांनी. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ वर यायचं आणि धान्य खाली जायचं. लमाण-वंजाऱ्यांचा तो पिढ्यान्‌पिढ्याचा धंदा होता.

मिठाची किंमत राज्यकर्त्यांनाही कळत होती. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र लिहिलं, ते मिठाबद्दलच. पोर्तुगीजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडू लागलं होतं. व्यापारी तिकडं वळले तर आपल्या कोकणातली मिठागरं बसतील, म्हणून त्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्यात हुकूम होता. राजगडावरून इतकी वर्षं राज्य केलेल्या राजाला मीठ कुठून येतं नि कुणाच्या जिवावर येतं हे कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढं इंग्रजांनी मिठावर कर बसवला. भोर हे पंतसचिवांचं संस्थान, पण घाटाखालचं मीठ बहुतेक इंग्रजी मुलखातलंच, त्यामुळं कर त्याच्या किमतीत धरलेलाच यायचा. १८८८ साली हा कर मणाला अडीच रुपये झाला. नंतर उतरत उतरत तो एक रुपयावर आला, पुन्हा सव्वा झाला, आणि १९२३ साली एका झटक्यात परत अडीच. ओरड झाली तेव्हा दुसऱ्याच वर्षी खाली आणला. १९३० च्या दांडीयात्रेबद्दल आपण शाळेत शिकलो. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या कोकणात शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला. कर सुटला तो १ एप्रिल १९४७ ला.

पुस्तकात हे सगळं माणसाच्या जेवणातलं मीठ म्हणून येतं. आम्हाला मात्र गोठा दिसतो. मोठ्या जनावराला दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं, म्हणजे महिन्याला जवळजवळ किलोभर. घरात चार जनावरं असली तर माणसांपेक्षा त्यांनाच जास्त. मीठ महागलं की बाई आधी कुणाचं तोडेल? पोरांच्या कालवणातलं तर नाही.

पण मीठ ही निम्मीच गोष्ट. मीठ चाटायला मिळूनही जनावर भिंत चाटतं, माती खातं, चिंध्या नि चपला चघळतं, माळावर पडलेलं हाड तोंडात धरून तासन्‌तास कुरतडतं. हे आजेसासूच्या काळातही होतं. तेव्हा त्याला गुराची वाईट खोड म्हणायचे.

ही खोड नाही, हे नीट समजलं ते दक्षिण आफ्रिकेत. तिथं माळावरच्या गायी कुजलेली हाडं चघळायच्या आणि लुळ्या पडून मरायच्या. अर्नोल्ड थायलर नावाच्या पशुवैद्यानं १९२० च्या सुमारास सहकाऱ्यांबरोबर त्याचा छडा लावला. कुजक्या हाडांतल्या विषानं गायी मरत होत्या हे खरं, पण त्या हाडाकडं जातच का होत्या? कारण तिथल्या जमिनीत आणि गवतात स्फुरद नव्हतं, आणि हाडात ते भरपूर असतं. गायींना हाडांचा स्वच्छ चुरा खायला दिला तेव्हा त्यांनी हाडं चघळणं सोडलं. अंग धरलं, वासरंही जास्त झाली.

आणि आता विरोधाभास बघा. त्याच काळात हिंदुस्थानातल्या गावोगावची हाडं गोळा होऊन मुंबई, कराची, कलकत्त्याच्या बंदरांतून परदेशी जात होती. तिकडं त्यांचं खत व्हायचं. इथल्या गायीनं इथल्या गवतातून कणाकणानं जमवलेलं स्फुरद बोटीत चढत होतं आणि मागं राहिलेली गाय हाड शोधत माळावर फिरत होती. मिठाच्या कराबद्दल भाषणं झाली, सत्याग्रह झाले. हाडांबद्दल फारसं कुणी बोललं नाही, बहुधा हाड म्हटलं की नाक मुरडायची आपली सवय.

आपला डोंगरी पाऊस आणखी वेगळा. सह्याद्रीच्या कड्याला पाऊस असा कोसळतो की उतारावरच्या मातीतला कस धुऊन ओढ्याला जातो. चांगली माती खाली खोऱ्यात साचायची. त्या खोऱ्यांत पुढं धरणं झाली: भाटघर, नीरा देवघर, पानशेत, गुंजवणी. पुण्याला पाणी मिळालं, खालच्या तालुक्यांना ऊस मिळाला. आपली गुरं वरच्या वरकस जमिनीवरचं गवत खात राहिली.

त्यात आपली मुख्य वैरण भाताचा पेंढा. पोट भरतं, पण पेंढ्यात स्फुरद फार कमी, आणि त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, जनावराच्या अंगी लागू देत नाही. हे इज्जतनगरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकातच दाखवून दिलं होतं. गंमत म्हणजे ही संस्था मूळची पुण्याची. १८८९ साली पुण्यात एक छोटी प्रयोगशाळा म्हणून ती सुरू झाली आणि चार वर्षांत हिमालयात मुक्तेश्वरला गेली. भोरपासून दीड-दोन तासांच्या अंतरावर निघालेली संस्था, पण पेंढ्याबद्दलचं तिचं म्हणणं आपल्या गोठ्यात पोचायला किती वर्षं लागली!

मग आजेसासूच्या गायी व्यायच्या कशा? एक तर त्या गावठी होत्या. लिटर-दोन लिटर दूध, तेही वासरू पिऊन उरलेलं. अंगातून जाणारं कॅल्शियम-स्फुरद तेवढंच थोडं. दुसरं, त्या दिवसभर रानात फिरून दहा तऱ्हेचा पाला ओरबाडायच्या. आणि तिसरं, सगळ्या काही दर वर्षी व्यायच्या नाहीत. दोन-दोन वर्षं भाकड राहिलेल्या गायीची आठवण कुणी सांगत नाही, आणि तिच्यावर बँकेचं कर्जही नव्हतं.

१९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ सुरू केली. १९७० पासून देशात दुधाचा महापूर योजना आली. संकरित गाय दारात आली. ती दहा-पंधरा लिटर देते आणि तेवढी खनिजं रोज कासेतून बाहेर टाकते. तिला पेंढ्यावर ठेवणं म्हणजे दुप्पट कामाच्या बाईला निम्मी भाकरी देणं.

पावडर आली ती इथं. सुरुवातीच्या मिश्रणांत हाडांचा चुराही असायचा. १९८६ साली विलायतेत गायींचा वेड लागल्यासारखा रोग उघडकीस आला, आणि तो गायींना मांस-हाडांची भुकटी खाऊ घालण्यातून पसरला हे कळलं. तेव्हापासून भर खाणीतल्या दगडापासून केलेल्या डायकॅल्शियम फॉस्फेटवर आला. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं चाटण विटा काढल्या. शिवाय कुठल्या भागातल्या चाऱ्यात काय कमी आहे, जस्त की तांबं, ते तपासून त्या भागापुरती मिश्रणं करायचं कामही हाती घेतलं. आमच्या मते हे सगळ्यात शहाणपणाचं काम. डोंगरातल्या गायीची उणीव आणि उसाच्या पट्ट्यातल्या गायीची उणीव एक नसते.

आता पिशवी घेताना काय बघायचं? आयएस १६६४ हा मानक क्रमांक बघा. मिश्रण मिठाचं आणि बिनमिठाचं असं दोन्ही मिळतं. बिनमिठाचं घेतलं तर मीठ वेगळं घालावं लागतं. मोठ्या जनावराला साधारण ५० ग्रॅम रोज, म्हणजे महिन्याला दीड किलो. दूध जास्त असेल तर जास्त, ते पशुवैद्य सांगतील. आठ दिवस घालून सोडून दिलं तर पैसे शेणात गेले. चुन्याची निवळी देता ती द्या, पण त्यात चुना फार थोडा उतरतो आणि स्फुरद तर अजिबात नसतं.

विण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत मात्र आपल्या मनानं कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. त्यामुळं गायीचं शरीर हाडातलं कॅल्शियम काढायचं विसरतं आणि व्याल्यावर दुग्धज्वरानं बसते.

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे आपल्या घाटांनी कोकणात उतरतात. वावरात बसवायच्या मेंढ्यांना आपण मायेनं काहीबाही घालतो. पण गायीची पावडर मेंढीला घालायची नाही. त्यात तांबं असतं आणि मेंढीला ते बाधतं, जीवही जातो. दारच्या कुत्र्यालाही ती घालू नये, त्याचं प्रमाण वेगळं.

या पावसाळ्यापासून आमचे गट पिशव्या एकत्र मागवणार आहेत आणि पशुसखी प्रत्येक गायीची एक वही ठेवणार आहे: माज कधी, रेतन कधी, उलटली का, पावडर किती दिवस सलग घातली. आजेसासूच्या गायींची अशी वही नव्हती, म्हणून त्यांच्याबद्दल आपल्याला फक्त आठवणीतलंच माहीत आहे.