पालखी, तबकडी, पडदा

म्युझिक व्हिडिओचा मागोवा घ्यायचा तर आपण नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरातल्या संध्याकाळच्या पालखीपासून निघावे. पालखी देवळाभोवती फिरते, मध्ये थांबते, पुजारी पदे म्हणतात. दत्ताला आळवणारी टेंबेस्वामींची करुणात्रिपदी इथे कानांवर पडते ती कृष्णेच्या घाटावर, दिव्यांच्या उजेडात. ऐकणे आणि पाहणे वेगळे काढावे, असे इथे कुणाच्या मनात येत नाही.

ही जोडी यंत्राने जुळवण्याचा एक मराठी प्रयत्न आपण फार लवकर विसरलो. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ उभी केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, समोर पडद्यावर पुराणातले प्रसंग आणि साथीला निवेदन व संगीत, असा तो खेळ. लुमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आली ती त्यानंतर, ७ जुलै १८९६ रोजी, तीही मुकी.

फारकत केली ती ध्वनिमुद्रणाने. १९०२ साली गौहर जान कलकत्त्यात कर्ण्यासमोर गायल्या आणि गाणे गाणाऱ्यापासून, जागेपासून सुटले. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत, म्हणून बैठकीतला विस्तारही गेला. नुकसान झाले खरे, पण त्याच वाटेने आर. एन. पराडकरांनी गायलेली दत्तगीते पुढे घरोघर पोचली. त्यांतली काही औदुंबरच्या कवी सुधांशूंची. नृसिंहवाडी कधी न पाहिलेली माणसेही ती ऐकत, आणि ऐकताना नजर भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीकडे जाई. तसबीर आणि तबकडी मिळून गरिबाघरचा म्युझिक व्हिडिओच तो, असे म्हणायला माझी हरकत नाही.

दरम्यान, १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ फिल्म कंपनीची स्थापना झाली आणि १९३२ मध्ये तिचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला. गाण्याला पुन्हा चेहरा मिळाला, पण ते कथेच्या चाकरीत राहिले. त्यातून सुटे गाणे काढले ते अमेरिकेने. १९४० साली तिथल्या उपाहारगृहांत नाणे टाकले की तीन मिनिटांचे गाणे दाखवणारी ‘पॅनोरम’ यंत्रे आली. युद्धानंतर ती मागे पडली. १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालेल्या एमटीव्हीची ही पणजी. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ पासूनचे. त्याच्या ‘छायागीत’ कार्यक्रमाने वेगळे काही चित्रित न करता चित्रपटांतलीच गाणी कापून घेतली. युक्ती स्वस्त होती, परिणाम तोच.

पुढे भक्तिगीतांच्या व्हीसीडी निघाल्या आणि मग मोबाइल आला. आता पावसाळ्यात नृसिंहवाडीला कृष्णेचे पाणी चढून देवळात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते. या दक्षिणद्वार सोहळ्याला स्नानासाठी गर्दी लोटते, आणि पाण्यात उभे राहूनच चित्रण होते. त्याला जुने दत्तगीत जोडले की स्टेटस तयार. दिग्दर्शक, वितरक, प्रेक्षक सगळे एकच. मात्र तबकडीच्या तीन मिनिटांची इथे थोडक्यावर बोळवण होते. त्यात ध्रुपद तेवढे बसते, अंतरे कापले जातात.