शब्दवेध: होमोसेक्शुअल

'होमोसेक्शुअल' हा शब्द डॉक्टरांनी काढला असं आपण धरून चालतो. तो घडवला कार्ल मारिया केर्टबेनी या लेखकानं. १८६८च्या एका पत्रात तो प्रथम दिसतो. पुढल्याच वर्षी प्रशियातल्या, पुरुषांमधले संबंध गुन्हा ठरवणाऱ्या जाचक कलमाविरुद्धच्या निनावी पत्रकात छापला गेला. अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन. वैयाकरणांनी नाकं मुरडावीत असाच. पत्र ज्यांना लिहिलं त्या उलरिक्स यांनी आधीच प्लेटोच्या आधारानं 'उर्निंग' हा शब्द काढला होता. तो मागे पडला. केर्टबेनीचा शब्द मात्र क्राफ्ट-एबिंगसारख्या मनोविकारतज्ज्ञांनी उचलला आणि बचावासाठी घडवलेलं नाव चक्क रोगनिदान होऊन बसलं. मराठी 'समलिंगी'लाही थोडा दवाखान्याचा वास आहेच. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समलिंगी व्यक्तींसाठी संस्था काढली, तिचं नाव ठेवलं 'समपथिक'. 'लिंग' त्यात येतच नाही.