सिलेमचा फिंच आणि ‘माहिती अपुरी’ हा शेरा
धोक्यातील प्राण्यांच्या जागतिक यादीत सिलेमच्या डोंगरी फिंचपुढे ‘माहिती अपुरी’ असा शेरा आहे. ‘संकटग्रस्त’ म्हटले की लोक सावध होतात, निधी उभा राहतो. या शेऱ्याने तसे काही होत नाही. माझ्या मते तो निर्धास्त होण्याचे कारण मुळीच नाही, आणि हे पटायला या पक्ष्याचा इतिहास पुरेसा आहे. १९२९च्या सप्टेंबरात व्हिसर दांपत्याच्या डच काराकोरम मोहिमेत जेरोम अलेक्झांडर सिलेम यांनी ५,१२५ मीटर उंचीवरच्या कुश्कू मैदानात दोन पक्षी टिपले, एक प्रौढ नर आणि एक पिल्लू. ही जागा आज अक्साई चीनच्या वादग्रस्त टापूत मोडते. दोन्ही कातड्यांवर ब्रँटच्या डोंगरी फिंचची चिठ्ठी लागली आणि ती अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात गेली. ब्रँटचा फिंच त्या पठारांवर नेहमीचा, तेव्हा चूक समजण्यासारखी होती. पक्षिशास्त्रज्ञ सी. एस. रोसेलार यांनी मात्र त्या नराचे तांबूस-तपकिरी डोके आणि पंखांची ठेवण बारकाईने पाहिली, आणि १९९२मध्ये ही वेगळीच जात असल्याचे जाहीर केले. म्हणजे त्रेसष्ट वर्षे ही जात माणसाच्या हाताशी असूनही कुणाच्याच हिशेबात नव्हती, आणि अखेर ओळखता आली ती जपून ठेवलेल्या कातड्यांमुळेच.

यावर रास्त आक्षेप असा की, दुर्मीळ पक्षी मारून कातडी जमवण्याच्या प्रथेचे गोडवे कशाला गायचे? प्रथा क्रूर होती, आणि आज तिची गरज उरलेली नाही. पण जमलेल्या संग्रहाचे मोल त्याने कमी होत नाही. आपल्याकडचा रानपिंगळा आठवावा. १८८४नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नव्हता. मधली एक नोंद ब्रिटिश पक्षीसंग्राहक माइनर्ट्झहागेन यांनी चोरलेल्या नमुन्यावर खोटी चिठ्ठी लावून केलेली होती, हे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतली कातडी तपासून उघड केले. ती खोटी नोंद बाजूला सारल्यावर शोध योग्य दिशेला वळला आणि १९९७मध्ये शहाद्याजवळ पिंगळा सापडला. सिलेमच्या फिंचचेही तसेच. २०१२मध्ये यान मुझिका यांनी छिंगहाय प्रांतातल्या येन्यूगौ खोऱ्यात काढलेली छायाचित्रे ओळखता आली, कारण तुलनेला रोसेलार यांचे वर्णन होते. पुढे २०१६मध्ये जनुकीय अभ्यासाने त्याला डोंगरी फिंचांतून काढून रोझफिंचांच्या गटात बसवले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इतक्या उंचावर शेती नाही, दाट वस्ती नाही. मग धोका कसला? पण कुश्कू मैदान आणि येन्यूगौ यांच्यात सुमारे १,५०० किलोमीटरचे अंतर आहे. एवढ्या पट्ट्यात हा पक्षी विरळपणे सर्वत्र असेल, किंवा तुटक बेटांसारखा चारदोन ठिकाणीच असेल. उपलब्ध पुराव्यात दोन्ही शक्यता बसतात आणि दोन्हींचे भवितव्य अगदी वेगळे आहे. त्यात तिबेटचे पठार तापते आहे. हवामान उष्ण झाले की खालच्या उतारांवरची जात वर सरकू शकते. पाच हजार मीटरवर राहणाऱ्या पक्ष्याला वर सरकायला जागा थोडीच असते. म्हणून या शेऱ्यापुढची निकडीची गरज आहे ती मधल्या खोऱ्यांची विणीच्या हंगामात पाहणी करण्याची, आणि ब्रँटच्या फिंचच्या जुन्या चिठ्ठ्या लागलेली इतर संग्रहालयांतली कातडी पुन्हा हाती घेण्याची.